सुईण गेली, सव्वा महिना राहिला

सुईणीच्या हातून होणारी बाळंतपणे थांबली, हे चांगलेच झाले. लेखाच्या आरंभीच हे सांगून टाकलेले बरे, नाहीतर पुढचे वाचताना ‘जुने ते सोने’वाल्यांचीच ही आणखी एक जपमाळ, अशी कोणाचीही समजूत व्हायची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पहिली फेरी १९९२-९३ साली झाली, तेव्हा महाराष्ट्रात शंभरातली जेमतेम ४४ बाळंतपणे दवाखान्यात होत. २००५-०६ मध्ये हे प्रमाण ६४.६ टक्के झाले, २०१५-१६ मध्ये ९०.३ आणि २०१९-२१ च्या फेरीत ९४.७. याच काळात राज्यातला मातामृत्यूचा दर उतरत गेला. २००१-०३ मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता दगावत होत्या, २०१८-२० मध्ये ३३. या उताराचे श्रेय एकट्या दवाखान्याचे नाही. लग्नाचे वय वाढले, मुले कमी झाली, रस्ते झाले, रक्तपेढ्या झाल्या. तरीही दवाखान्याचा त्यात वाटा नाही असे म्हणणे म्हणजे निव्वळ हट्ट. मुद्दा निराळाच आहे. सुईणीचे काम सातव्या-आठव्या महिन्यापासून सुरू व्हायचे आणि सव्वा महिन्याने, बाळंतीण विहिरीवर जाऊ लागली की संपायचे. सरकारने त्यातली प्रसूतीची घटका उचलली, इमारतीत नेली आणि तिला ‘संस्थात्मक प्रसूती’ असे नाव दिले. तिच्या आगेमागचे काम कोणाकडेही सोपवले नाही. आई आणि बाळाच्या आजच्या हालांचा मोठा हिस्सा या बेवारस आठवड्यांत साचलेला आहे.

हे नीट पाहायचे तर पिंपळगाव बसवंतसारखे गाव सोयीचे पडते. मुंबई-आग्रा महामार्गावरचे, नाशिकपासून तीसेक किलोमीटरवरचे, निफाड तालुक्यातले हे बाजारपेठेचे गाव. टोमॅटो, कांदा आणि द्राक्ष यांवर इथला पैसा फिरतो. गावात ग्रामीण रुग्णालय आहे, खासगी प्रसूतिगृहे आहेत आणि अडलेच तर नाशिक तासाभरावर आहे. बागायतदाराच्या घरात सून गरोदर राहिली की तिसऱ्या महिन्यापासून सोनोग्राफीची फाइल तयार होते. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी जाते, तेही बहुतेकदा अशाच एखाद्या रस्त्यावरच्या गावात. या घरांतून सुईण जाऊन एक पिढी उलटली. पण त्याच बागायतदाराच्या मळ्यात ऑक्टोबरच्या छाटणीपासून पुढे काढणीपर्यंत सुरगाणा, पेठ आणि दिंडोरीच्या पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यातून मजुरांच्या टोळ्या येतात. जोडपी येतात, लेकरे येतात, बागेच्या कडेला पाल किंवा पत्र्याची खोली पडते. त्या टोळीत दिवस गेलेल्या बायकाही असतात. अशा बाईच्या पाड्यावरची जाणती सुईण वणीच्या पलीकडे राहिली, तिची नोंद केलेली आशाताईही तिकडेच राहिली. इकडच्या आशाताईच्या वहीत तिचे नाव येते ते कोणी आवर्जून सांगितले तर. एकाच बांधावर उभ्या असलेल्या या दोन बायकांपैकी पहिलीला सुईण नकोच आहे आणि दुसरीला ती आता मिळत नाही. दवाखाना मात्र दोघींपासून सारख्याच अंतरावर आहे. म्हणून ‘दवाखाना जवळ हवा’ एवढ्या एका उत्तरात हा प्रश्न मावत नाही.

सुईण नेमके काय करायची? कळा सुरू झाल्याचा निरोप आला की ती यायची आणि बाई मोकळी होईपर्यंत उठायची नाही. पोटावर तेलाचा हात फिरवून मूल आडवे आहे की पायाळू, डोके खाली सरकले की नाही, याचा अंदाज घ्यायची. बाईला चालवायची, उकिडवे बसवायची, आढ्याला बांधलेल्या दोराला धरून उभी करायची, पाठीला गुडघा लावून आधार द्यायची. मूल आले की वार पडायची वाट पाहायची, नाळ कापायची, वार पुरायची. मग पाचवीपर्यंत, बारशापर्यंत आणि कित्येक घरांत सव्वा महिना रोज येऊन बाळ-बाळंतिणीला तेल लावणे, न्हाऊ घालणे, शेक-धुरी देणे, टाळू भरणे. बदल्यात धान्य, खण-नारळ, लुगडे, मुलगा झाला तर थोडे जास्त. महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत हे काम मांग, महार, चांभार, न्हावी अशा घरांतल्या बायकांकडे होते, आणि ते का, हे उघड आहे. बाळंतपण म्हणजे विटाळ. रक्त, वार आणि मळलेली लुगडी हाताळायची तर ती खालच्या मानलेल्या हातांनी, अशी ती सोय होती. जिच्या हाताने घरातले प्रत्येक मूल जगात आले, तिला बारशाच्या दिवशी ओटीवरच जेवायला बसवणारी घरे होती. सुईणीच्या ज्ञानाचे गोडवे गाताना ही ओटी विसरता येत नाही, तिच्याकडे पुढे परत यावेच लागेल.

या बाईवरचे आरोपपत्र जुने आहे. १८८५ साली लेडी डफरिन यांच्या नावाने निधी उभा राहिला, १९०३ साली खास दाईंच्या प्रशिक्षणासाठी व्हिक्टोरिया स्मारक निधी आला, आणि १९२७ साली अमेरिकन लेखिका कॅथरिन मेयोने ‘मदर इंडिया’ या पुस्तकात दाईचे इतके किळसवाणे चित्र रंगवले की हिंदुस्थान स्वराज्याला नालायक असल्याचा तो एक पुरावाच ठरावा. मेयोचा हेतू राजकीय होता, पण धनुर्वाताने मरणारी अर्भके तिने कल्पनेतून काढलेली नव्हती. विळ्याने किंवा जुन्या पात्याने कापलेली नाळ आणि तिच्यावर चोपडलेली राख किंवा शेण, यांनी किती बाळे गेली याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही. आपल्याकडच्या सुधारकांनीही सुईणीशी फारसा संवाद केला नाही. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात जो प्रबंध दिला, त्याचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गमावलेल्या मराठी बाईने हा विषय निवडावा, यात सगळे आले. पण त्या प्रबंधाचा आधार संस्कृत ग्रंथ आणि पाश्चात्त्य पाठ्यपुस्तके होती. गावच्या मांगीणबाईला विचारावे, असे त्या काळी कोणाच्या मनात येण्यासारखे नव्हते. दवाखान्याची बाजू त्या काळात तरी निर्मळ होती, असेही समजू नये. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात १८४७ पूर्वी डॉक्टरांच्या कक्षात सुमारे दहा टक्के बाळंतिणी तापाने मरत आणि सुईणींच्या कक्षात चारेक टक्के. शवविच्छेदन करून तसेच प्रसूतीला येणारे डॉक्टरांचे हात हे त्याचे कारण, असे तिथल्याच डॉक्टर सेमेलवाइसने दाखवून दिले, पण त्याच्या व्यवसायबंधूंना ते फार उशिरा पटले. डॉक्टरांच्या कक्षात नको, सुईणींच्या कक्षात घ्या, म्हणून बायका तिथे हातापाया पडत असत. घाण हातांचा दोष जातीचा किंवा निरक्षरतेचा नसतो, एवढे तरी त्यावरून कळावे.

स्वातंत्र्यानंतर सरकारने सुईणीला शिकवायचे ठरवले. १९७७-७८ पासून हे काम मोठ्या प्रमाणावर झाले. हजार लोकवस्तीमागे एक प्रशिक्षित दाई, महिनाभराचे शिक्षण, थोडे विद्यावेतन आणि एक पेटी असा तो आराखडा. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नवे ब्लेड, स्वच्छ दोरा, नाळेला काहीही न लावणे, ही पाठ करून घेतलेली सूत्रे. जागतिक आरोग्य संघटनाही तेव्हा याच मताची होती. मग १९८७ ला नैरोबीत सुरक्षित मातृत्वाची चळवळ सुरू झाली, दहा वर्षांनी कोलंबोत आढावा घेतला गेला आणि निष्कर्ष निघाला की दाईंना शिकवून मातामृत्यू घटत नाहीत. यापुढे भर ‘कुशल’ प्रसूतिसेवकांवर, म्हणजे डॉक्टर, परिचारिका आणि शिकलेल्या मिडवाइफवर. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आणि जननी सुरक्षा योजना आली. दवाखान्यात प्रसूती झाली तर पैसे, महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातल्या पात्र बाईला ७०० रुपये. आदिवासी तालुक्यांत नवसंजीवन योजनेखाली दाईंच्या बैठका चालत राहिल्या, पण धोरणाच्या लेखी दाई निवृत्त झाली होती.

दाईंना शिकवून माता वाचल्या नाहीत, हे खरे. पण त्याचे कारण ‘अडाणी बायका शिकत नाहीत’ असे लावले गेले आणि तिथे गफलत झाली. माता कशाने मरतात ते पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या विश्लेषणात रक्तस्राव २७ टक्के, रक्तदाबाचे विकार १४ टक्के, जंतुसंसर्ग ११ टक्के. वार पडल्यावर धो-धो अंगावरून जाऊ लागले तर बाई दोन तासांत जाते. त्या वेळी गर्भाशय आकसण्याचे औषध लागते, रक्त लागते, कधी शस्त्रक्रिया लागते. झटके येऊ लागले तर मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन लागते. पेटीतल्या ब्लेड आणि साबणाने यातले काय होणार? लंडनहून शिकून आलेल्या प्रसूतितज्ज्ञाला पेठच्या एखाद्या पाड्यावर रात्री तीच पेटी देऊन बसवले, तर तोही हतबलच होईल. आईचा जीव वाचतो तो रस्ता, गाडी, रक्त आणि शस्त्रक्रियागृह यांच्या साखळीने. ती साखळी नव्हती, आणि ती नसल्याचा ठपका साखळीच्या पहिल्या कडीवर, सुईणीवर, ठेवला गेला.

बाळाची गोष्ट वेगळी आहे. नवजात बाळ गुदमरल्याने, गारठल्याने, जंतुसंसर्गाने आणि अपुऱ्या दिवसांचे असल्याने जाते, आणि नवजात मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात होतात. यातल्या बऱ्याच गोष्टींना जवळचा, जाणता, शांत हात पुरतो. हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत थोड्याशा शिकलेल्या गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले आणि दाईंना त्यांच्या जोडीला घेतले. न रडणाऱ्या बाळाला श्वास देणे, ऊब देणे, वजन करणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून घरातच प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, एवढे त्या करीत. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. तिसऱ्या वर्षी त्या गावांतला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झालेला होता. सिंधमधल्या लारकाना जिल्ह्यातला प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. तिथे दाईंना शिकवून, स्वच्छ साहित्य देऊन सरकारी आरोग्यसेविकांशी जोडले होते. जन्माच्या सुमारास होणारे बाळमृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. मातामृत्यूतली घट मात्र खात्रीने सांगण्याइतकी नव्हती. हे दोन निकाल शेजारी ठेवले की चित्र उलगडते. आईला दवाखाना हवा, बाळाला घरातला जाणता हात हवा, आणि बाळंतिणीला दोन्ही. आपल्या धोरणाने आईसाठीचे योग्य उत्तर बाळालाही लावले आणि घर रिकामे केले. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून हेच ओळखले होते. त्यांच्या ग्राम आरोग्य सेविका, ज्यांत कितीतरी दलित आणि निरक्षर बायका होत्या, साधी बाळंतपणे करीत आणि अवघड बाई ओळखून पुढे धाडीत. मागे जामखेडचे रुग्णालय उभे होते, म्हणून त्यांच्या ओळखण्याला किंमत होती.

सुईणीच्या चालीरीतींकडे चांगल्या-वाईटाच्या दोन टोपल्या घेऊन जाणाऱ्याची पंचाईत होते, कारण एकच चाल दोन्हींकडे पडते. वार पडेपर्यंत नाळ न कापण्याची रीत घ्या. देशाच्या अनेक भागांतल्या दाई ती पाळत आल्या. मीरा सद्गोपाल यांच्या पुढाकाराने झालेल्या ‘जीवा’ अभ्यासात नंदुरबारसह चार राज्यांतल्या दाईंच्या कामाची बारकाईने नोंद झाली, तीतही ही रीत ठळक दिसते. रुग्णालयात कितीतरी वर्षे नाळ झटपट कापत. आता जागतिक आरोग्य संघटना सांगते की निदान एक मिनिट थांबा, बाळाला तेवढे रक्त मिळते, पुढचा रक्तक्षय टळतो. इथपर्यंत सुईण बरोबर. पण वारेची वाट पाहताना बाळ उघडे, ओले, जमिनीवर पडून राही, कारण सगळ्यांचे डोळे आईकडे. त्या गारठ्याने कित्येक बाळे गेली असणार. कळा नीट येण्याआधी पोट दाबणे, चीक पिळून टाकणे, बाळाला मध किंवा गुळाचे पाणी चाटवणे, कोंदट खोलीत बाजेखाली शेगडी ठेवणे, बाळंतिणीला पाणी तोडणे, या गोष्टींचे समर्थन कोणीही करू नये. फक्त एवढे पाहावे की दवाखान्यात गेल्याने त्या आपोआप सुटल्या का. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात देशातली ८८.६ टक्के बाळंतपणे संस्थांत झाली आणि पहिल्या तासात अंगावर पाजलेली बाळे होती ४१.८ टक्के. म्हणजे चीक वाया घालवायला आता सुईणीची गरज उरलेली नाही. दुसरीकडे धनुर्वात पाहा. माता आणि नवजातांच्या धनुर्वातावर देशाने नियंत्रण मिळवल्याची अधिकृत घोषणा २०१५ साली झाली, त्यात गरोदर बायकांच्या लसीइतकाच स्वच्छ ब्लेडचाही हात होता. दवाखान्यातल्या ब्लेडइतकाच दाईच्या पेटीतल्या ब्लेडचाही.

आता दवाखान्याने काय दिले नाही, ते बघू. घरी उकिडवी बसणारी, उभी राहणारी बाई टेबलावर उताणी झाली, कारण तपासणाऱ्याला ते सोयीचे. सोबत असलेली सासू, आई किंवा आशाताई दाराबाहेर थांबली. ओरडली तर आतून बोलणी बसतात, आणि कसली बसतात ते खेड्यातल्या कुठल्याही दोन-चार बायकांना विचारा, उत्तर लाजत का होईना पण मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली प्रसूतीच्या वेळच्या अपमानास्पद वागणुकीवर खास निवेदन काढले आणि २०१८ च्या मार्गदर्शक सूत्रांत सांगितले की कळांच्या काळात बाईला हवी ती सोबत, हालचाल आणि हवी ती बसण्याची पद्धत मिळाली पाहिजे. कळांमध्ये सतत कोणी जवळ बसलेले असेल तर शस्त्रक्रिया कमी लागतात आणि प्रसूतीचा वेळही घटतो, हे जगभरच्या चाचण्या एकत्र करून सिद्ध झाले आहे. पाठीला गुडघा लावून बसणारी सुईण नेमके हेच करत होती. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ साली प्रसूतिकक्षात सोबतीण चालेल असे कळवले. सोबतीण जिथून हद्दपार झाली तिथेच तिला परत घ्या, असे परिपत्रकाने सांगावे लागले. २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात महाराष्ट्रात सिझरचे प्रमाण २०.१ वरून २५.४ टक्क्यांवर गेले. २०१९-२१ मध्ये देशपातळीवर खासगी रुग्णालयांत ते ४७.४ टक्के आणि सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के होते. बायकांच्या कंबरा पैसेवाल्या घरांत इतक्या अरुंद असतील, हे शरीरशास्त्राला मान्य होणे कठीण.

इथे एक रास्त आक्षेप येतो. प्रसूतिकक्षात बोलणी बसत असतील, पण बाई जिवंत घरी येते ना? जीव महत्त्वाचा की मान? पण हा सौदा वाटतो तितका पक्का नाही. भरत रांदिवे आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली नऊ राज्यांतल्या २८४ जिल्ह्यांची आकडेवारी तपासली. पाच वर्षांत संस्थात्मक प्रसूती २० वरून ४९ टक्क्यांवर गेल्या होत्या, आणि तरीही त्या वाढीचा जिल्ह्यातल्या मातामृत्यूशी ठळक संबंध सापडला नाही. कारण बाई इमारतीत पोचली तरी इमारतीत रक्त, भूलतज्ज्ञ, नर्स असतीलच असे नाही. नाशिकचेच उदाहरण घ्या. २०१७ च्या ऑगस्टमध्ये जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात ५५ बाळे दगावल्याची बातमी राज्यभर गाजली. कमी वजनाची, अपुऱ्या दिवसांची, लांबून आणि उशिरा आणलेली बाळे होती, असा खुलासा झाला. तो खरा धरला तर प्रश्न उरतोच की ती उशिरा का आली, कोणी ओळखले नाही, कोणी गाडीत घातले नाही. १९९४ साली थॅडियस आणि मेन या दोघींनी मांडलेले तीन विलंब आजही लागू पडतात. निर्णयाला उशीर, पोचायला उशीर, पोचल्यावर उपचाराला उशीर. १०८ क्रमांकाच्या गाडीने मधला उशीर कमी केला. पहिला उशीर घरात होतो, आणि ‘आता हिला हलवा’ हे ज्या बाईच्या तोंडून आल्यावर सासरा ऐकत होता, ती आता घरात येत नाही.

दुसरा आक्षेप असा, की आशाताई आहे की. आहे, आणि तिच्यामुळेच ही व्यवस्था उभी आहे. गडचिरोलीच्या प्रयोगावरून २०११ साली देशभर घरपोच नवजात सेवा सुरू झाली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी द्यायच्या, वजन करायचे, ताप पाहायचा, अर्ज भरायचा. सगळ्या भेटी झाल्या तर २५० रुपये. कागदावर बाई दवाखान्यात किमान ४८ तास राहते. खरे तर गर्दी, घरचे काम आणि मागे राहिलेले मोठे पोर यांमुळे पुष्कळ बायका आधीच निघतात. म्हणजे पहिले दोन दिवस दवाखान्याचे म्हणून आशाताईचे नाहीत, आणि दवाखान्याने सोडले म्हणून दवाखान्याचेही नाहीत. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आणि झटके यांचा सर्वांत घातक काळ हाच. पुढच्या भेटीतही आशाताई बघते, मोजते, निघून जाते. तिच्या वहीत लसीकरण असते, सर्वेक्षण असते, अलीकडे तर मोबाइलमधली अ‍ॅपेही. बाळंतिणीचे अंग चोळताना पाय सुजलेला दिसणे, न्हाऊ घालताना घाण वास येतोय हे कळणे, बाळ आज ओढून पीत नाही हे हाताला जाणवणे, ही माहिती सहा भेटींत मिळत नाही, रोजच्या हाताळण्यात मिळते. आपल्या गावच्या नर्सबाईचेही असेच झाले होते. तिच्या हुद्द्यातच ‘मिडवाइफ’ होते. पण १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर तिला बहुउद्देशीय सेविका केले, शिक्षण दोन वर्षांवरून दीडवर आले, प्रसूतीचे धडे आखडले, आणि कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांचे उद्दिष्ट तिच्या डोक्यावर बसले. सुईणीची जागा घ्यायला पाठवलेली बाई लसीच्या पेट्या आणि रजिस्टरे वाहू लागली. आशाताईच्या बाबतीत तोच रस्ता दुसऱ्यांदा धरला जातो आहे.

सगळ्यांत बोचरा आक्षेप ओटीवर जेवणाऱ्या बाईचा आहे. सुईणपण हे जातीने लादलेले, विटाळाचे, फुकटातले काम. त्या घरांतल्या मुली आज शाळेत गेल्या, हे काम त्यांनी नाकारले, याचा आनंद मानायचा सोडून त्यांना पुन्हा तेल आणि वार यांच्याकडे बोलावणारे तुम्ही कोण? आक्षेप शंभर टक्के खरा आहे. कोणाही दाईच्या लेकीने आईचा वारसा चालवावा, असे म्हणणे अन्यायाचेच. पण मग काम कुठे गेले, हेही विचारावे. ते नाहीसे झालेले नाही. पिंपळगावच्या पैसेवाल्या घरांत बाळ-बाळंतिणीच्या मालिशीला बाई येते, महिन्याचे पैसे ठरवून येते आणि चांगले घेते. म्हणजे बाजाराने या कामाला किंमत दिली, फक्त ज्याच्या हाती पैसा त्याच्यासाठी. मळ्यातल्या पालात बाळंत झालेली मजूरबाई आठव्या-दहाव्या दिवशी पुन्हा बागेत दिसते, बाळ झोळीत. कामाला वेतन, शिक्षण आणि मान असेल, कोणत्याही जातीच्या बाईला ते घेता येईल आणि कोणालाही नाकारता येईल, तर ते बलुते राहत नाही. परिचारिकेचे कामही एके काळी घाणेरडे मानले जात असे, ब्राह्मण विधवांनी ते पत्करले तेव्हा केवढा गहजब झाला होता.

मलेशियाने यातून एक वाट काढली. तिथल्या ‘बिदान’ म्हणजे आपल्या सुईणी. सरकारने त्यांना हाकलले नाही, नोंदवून घेतले, सरकारी मिडवाइफशी त्यांची जोडी लावली. हळूहळू प्रसूती मिडवाइफकडे गेली, आणि बिदानकडे आईची सोबत, अंग चोळणे आणि रीतिरिवाज राहिले. जागतिक बँकेने २००३ साली मलेशिया आणि श्रीलंका या दोन देशांचा अभ्यास छापला. कमी पैशांत मातामृत्यू झपाट्याने घटवलेल्या या दोन्ही देशांत गावागावांत शिकलेली मिडवाइफ हा कणा होता. आपल्याकडे २०१८ साली केंद्राने मिडवाइफरीची मार्गदर्शक तत्त्वे काढली, दीड वर्षाच्या खास शिक्षणाची परिचारिका तयार करायचे ठरवले. ही दिशा बरोबर आहे, पण या परिचारिका रुग्णालयांत बसणार. घरातला सव्वा महिना त्यांच्या कक्षेत येत नाही.

तो कक्षेत आणायला फार मोठी रचना लागत नाही. गावागणिक एक बाळंतसखी, तिने बाळंतपण करायचे नाही ही अट, कळा सुरू झाल्यापासून प्रसूतिकक्षात सोबत बसण्याचा तिला लेखी अधिकार, पहिले दोन आठवडे रोजची आणि पुढे सव्वा महिन्यापर्यंत आडदिवसाची घरची फेरी, धोका दिसला तर १०८ ला थेट फोन, आणि या सगळ्याचे रोजंदारीइतके तरी पैसे. जुन्या सुईणींपैकी ज्या हयात आहेत आणि ज्यांना हवे असेल त्यांनी पहिल्या तुकडीला शिकवावे, हातांचे शिक्षण पुस्तकातून येत नाही म्हणून. अडचण येईल ती नकाशाची. दिवस भरत आलेल्या बायकांना आरोग्य केंद्राजवळ राहता यावे म्हणून राज्याने माहेरघर योजना आणली, ती आदिवासी भागासाठी. सुरगाणा, पेठ त्या नकाशात आहेत. निफाड नाही, कारण निफाड बागायती. ऑक्टोबरची छाटणी सुरू झाली की त्या नकाशातल्या बायका निफाडात असतात, आणि मार्चपर्यंत, म्हणजे काढणीच्या ऐन हंगामात, त्यातल्या कित्येकींची बाळंतपणे इथेच होतात. बाळंतसखी नेमायचीच असेल तर पहिल्या नेमणुका सुरगाण्यात करून भागणार नाही. त्या पिंपळगावच्या मळ्यांवर कराव्या लागतील, छाटणीच्या आधी, आणि टोळीच्या मुकादमाकडून नावे घेऊन.